लिथियम : मनाने सोडू नये, मोजल्यावाचून घेऊ नये

ऑस्ट्रेलियात मेलबर्नजवळच्या बंडूरा येथील रुग्णालयात मार्च १९४८ मध्ये डॉ. जॉन केड यांनी ५१ वर्षांच्या एका रुग्णाला लिथियमचा क्षार द्यायला सुरुवात केली. पाच वर्षे उन्मादात असलेला तो माणूस काही महिन्यांत घरी गेला, जुन्या कामावर रुजू झाला. पुढे त्याने औषध सोडले आणि आजार उलटला. औषध पुन्हा सुरू झाले. पण १९५० मध्ये लिथियमच्याच विषबाधेने तो दगावला. रक्तातील लिथियम नियमित तपासण्याची पद्धत तेव्हा रुळलेली नव्हती.

आज ती आहे. कधी उन्माद, तर कधी खोल नैराश्य अशा द्विध्रुवी विकारात लिथियम आजही मोलाचे औषध आहे. त्याने आजाराचे झटके कमी होतात, आत्महत्येचा धोकाही घटतो. मात्र गुणकारी आणि घातक प्रमाणांत अंतर थोडे असते. रक्तातील पातळी साधारण ०.६ ते १.० मिलीमोल प्रतिलिटर ठेवतात, १.५ च्या पुढे विषबाधेची भीती वाढते. तपासणीचे रक्त शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी द्यायचे असते. थायरॉइड आणि मूत्रपिंडाच्या तपासण्याही ठरावीक काळाने कराव्या लागतात.

लिथियम आणि मिठातले सोडियम हे गुणधर्मांनी जवळचे. शरीरातले मीठ-पाणी कमी झाले की मूत्रपिंड सोडियमबरोबर लिथियमही धरून ठेवते आणि पातळी चढते. म्हणून कडक उन्हाळा, जुलाब-उलट्या, निर्जळी उपवास यांत जपावे. मीठ एकाएकी तोडू नये. गुडघेदुखीसाठी दुकानातून आणलेली आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकची गोळी, रक्तदाबाच्या काही गोळ्या यांनीही पातळी वाढते. त्यामुळे कोणत्याही डॉक्टरकडे गेल्यावर ‘लिथियम चालू आहे’ हे आधी सांगावे.

हातांना बारीक कंप, जास्त तहान हे त्रास अनेकांना होतात. पण कंप वाढला, तोल जाऊ लागला, जीभ जड झाली, उलट्या-जुलाब किंवा गुंगी सुरू झाली, तर पुढची गोळी न देता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

एरवी बरे वाटते म्हणून गोळ्या एकदम थांबवू नयेत. आजार जोराने उलटू शकतो. मूल हवे असेल तर गरोदर राहण्याआधीच डॉक्टरांशी बोलावे. घरच्यांनी गोळ्यांइतकीच पुढच्या रक्ततपासणीची तारीखही लक्षात ठेवावी.