मर्सीच्या काळजातलं रक्त

मार्च १८९२. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमधल्या एक्झिटर गावात मर्सी ब्राउनचं प्रेत शवपेटीतून बाहेर काढलं गेलं. १९ वर्षांची ही मुलगी जानेवारीत क्षयाने गेली होती. आई आणि थोरली बहीण तिच्या कितीतरी आधी गेलेल्या, आता भाऊ एडविन आजारी. घरातलंच कुणीतरी मेल्यावरही त्याला शोषतंय, असा गावकऱ्यांचा संशय. आई-बहिणीच्या अवशेषांत रक्ताचा मागमूस नव्हता. मर्सी मात्र जवळपास जशीच्या तशी, आणि काळजात रक्त!

त्यात नवल कसलं? प्रेत जेमतेम दोन महिन्यांचं, तेही ऐन हिवाळ्यातलं. तपासणाऱ्या डॉक्टरांनी तेच सांगितलं, फुप्फुसात क्षयाच्या खुणाही दाखवल्या. रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू शोधून तेव्हा दहा वर्षं झाली होती. तरी गावकऱ्यांनी काळीज जाळलंच, उपाय म्हणून राख पाण्यात कालवून एडविनला पाजली. मे महिन्यात तोही गेला.

क्षयाचा रोगी पांढराफटक पडतो, झिजतो, खोकताना ओठांवर रक्त येतं. आणि एकाच घरात एकामागून एक माणसं जातात. पुरलेलं प्रेत वायूने फुगतं, तोंडातून काळपट-लाल द्रव येतो, कातडी आकसल्याने नखं वाढल्यासारखी दिसतात. हा व्हँपायर, रक्त पिऊन तट्ट फुगलाय, असं म्हणायला एवढं पुरे.

१९८५मध्ये रसायनशास्त्रज्ञ डेव्हिड डॉल्फिन यांनी व्हँपायरच्या कल्पनेमागचं कारण म्हणून पॉर्फिरिया या आजाराकडे बोट दाखवलं, कारण त्यात उन्हाने त्वचा पोळते. मला ते पटत नाही. उन्हाने मरणारा व्हँपायर रूढ केला तो १९२२च्या 'नोस्फेराटू' या मूकपटाने. शिवाय हे रोगी आराम पडावा म्हणून रक्त पीत असतील म्हणावं, तर प्यायलेलं रक्त पोटात पचून जातं. पॉर्फिरियाच्या रोग्याला त्याचा काडीचा उपयोग नाही.