छायाचित्रणाच्या अभ्यासक्रमात आधी काय शिकवावे?

मुंबईत फोटोग्राफिक सोसायटीची स्थापना १८५४ साली झाली आणि पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. तेव्हा या विद्येचे रीतसर शिक्षण आपल्याकडे दीड शतकाहून जुने आहे. त्या काळच्या विद्यार्थ्याचा बराचसा वेळ रसायनांत जात असे, कारण काच किंवा कागद प्रकाशसंवेदी केल्याशिवाय आणि उमटलेली प्रतिमा रसायनांनी स्थिर केल्याशिवाय हाती काहीच लागत नसे. आज मोबाइलचा कॅमेरा एका स्पर्शासरशी अनेक चित्रे टिपतो, ती एकमेकांत मिसळतो, काळोख्या जागा उजळतो आणि नीटस दिसणारे छायाचित्र हातात ठेवतो. यंत्र इतके सारे आपण होऊन करत असताना विद्यार्थ्याला नेमके काय शिकवायचे आणि ते कोणत्या क्रमाने शिकवायचे, हा अभ्यासक्रम आखणाऱ्यापुढचा खरा प्रश्न आहे.

अनेक अल्पमुदतीचे वर्ग कॅमेऱ्याच्या बटणांपासून सुरू होतात आणि संगणकावरील संस्करणापाशी संपतात. या क्रमाने शिकलेल्याला आपला कॅमेरा चालवता येतो, पण कॅमेरा बदलला की त्याचे शिक्षणही अडते. बटणांची माहिती पुस्तिकेत मिळते. प्रकाश कुठून येतो, वस्तूवर पडून तो काय करतो आणि यंत्र त्याचा कसा अर्थ लावते, हे मात्र कोणी समोर बसून दाखवल्याखेरीज सहसा उमगत नाही. म्हणून अभ्यासक्रमाचे पहिले काही आठवडे प्रकाशालाच दिले पाहिजेत, आणि त्यासाठी महागड्या कॅमेऱ्याची मुळीच गरज नाही.

त्यासाठी एका खिडकीशी ठेवलेला, घासूनपुसून लख्ख केलेला स्टीलचा तांब्या पुरेसा आहे. विद्यार्थी त्याचे छायाचित्र घेऊ लागतो तेव्हा तांब्याच्या पोटावर खिडकी, खोली, कॅमेरा आणि त्याचा स्वतःचा चेहरा उमटलेला त्याला दिसतो, आणि चकचकीत वस्तूचे चित्र म्हणजे मुख्यतः तिच्या भोवतालाचे चित्र असते हे शब्दांवाचून त्याच्या ध्यानात येते. एका बाजूला पांढरा पुठ्ठा धरला की धातूवर उभा, लांबट उजेडाचा पट्टा उमटतो. दुसऱ्या बाजूला काळा कागद धरला की कड ठसठशीत होते. त्याच जागी मातीचे बोळके ठेवले तर हे सारे नाहीसे होऊन उजेडाकडून सावलीकडे सरकणाऱ्या छटांतून गोलाई दिसू लागते. खिडकीवर पातळ पांढरे कापड टाकले, की वस्तूच्या दृष्टीने प्रकाशाचा उगम पसरट होतो आणि सावलीची धार बोथट होते. पुढे फ्लॅश, छत्री किंवा स्टुडिओतील दिवे हाती आले तरी तत्त्वे हीच राहतात.

यानंतर एक्स्पोजर, म्हणजे चित्रासाठी आत घ्यायच्या प्रकाशाचे प्रमाण, समजावून सांगता येते. अ‍ॅपर्चर हे लेन्समधील लहानमोठे होणारे छिद्र, आणि शटर स्पीड म्हणजे प्रकाश किती काळ आत येऊ द्यायचा ती मुदत. या दोहोंनी सेन्सरवर पडणारा प्रकाश ठरतो. आयएसओ वाढवल्याने जादा प्रकाश आत येत नाही, मिळालेला संकेत फक्त वाढवून घेतला जातो, आणि म्हणूनच अंधारातल्या चित्रात ठिपक्यांचा रवा दिसू लागतो. हा फरक स्पष्ट केला नाही तर विद्यार्थी तिन्ही गोष्टी सारख्याच समजून पाठ करतो. प्रकाश दुप्पट किंवा निम्मा होणे याला एक स्टॉप म्हणतात. १/१२५ सेकंदावरून १/६० वर जाणे किंवा अ‍ॅपर्चर ८ वरून ५.६ वर नेणे, दोन्हींचा अर्थ साधारण एक स्टॉप जास्त प्रकाश.

कॅमेऱ्यातील प्रकाशमापकाला समोरची वस्तू मुळात पांढरी आहे की काळी, हे कळत नाही. दृश्य सरासरीने मध्यम राखाडी असावे या गृहीतकाकडे त्याचा कल असतो. त्यामुळे पांढऱ्या सदऱ्या-धोतरातल्या वारकऱ्यांची दिंडी चौकटभर घेतली तर कपडे मळकट येतात, आणि काळ्या पाषाणाची मूर्ती चौकटभर घेतली तर ती फिकट, धुरकट दिसते. पहिल्या वेळी एक्स्पोजर स्टॉप-दीड स्टॉप वाढवायचे आणि दुसऱ्या वेळी तितकेच उतरवायचे, हे ज्याने स्वतः करून पाहिले त्याला यंत्राच्या निर्णयावर आपला निर्णय ठेवण्याचे धैर्य येते. अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९४० च्या सुमारास लॉस एंजेलिसच्या आर्ट सेंटर स्कूलमध्ये शिकवताना काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांची पायऱ्यांमध्ये विभागणी करणारी झोन सिस्टिम मांडली. ती फिल्मसाठी होती, तरी कोणती छटा कुठे बसवायची हे आधी ठरवून मग चित्र घेण्याची तिची शिस्त डिजिटल वर्गातही तितकीच मोलाची आहे.

डिजिटल तंत्राचा खास भाग इथे सुरू होतो. जेपेग प्रकारच्या फाइलमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पातळ्या असतात, तर १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये, म्हणजे सेन्सरने नोंदलेल्या जवळजवळ अस्पर्श माहितीत, १६,३८४. म्हणून सावल्या उजळताना रॉ फाइल लवकर फाटत नाही. हिस्टोग्राम हा चित्रातील काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांची वाटणी दाखवणारा आलेख होय. तो उजव्या कडेवर आपटला, तर पूर्ण पांढऱ्या झालेल्या भागातला तपशील कोणतेही सॉफ्टवेअर परत आणू शकत नाही. २४ मेगापिक्सेलच्या म्हणजे ६००० बाय ४००० बिंदूंच्या चित्राचा इंचाला ३०० बिंदू या हिशेबाने २० बाय १३ इंचांचा उत्तम छाप निघतो, हे कळल्यावर अधिक मेगापिक्सेलचा हव्यासही आवरतो. लेन्सचे प्रकार, व्हाइट बॅलन्स, संस्करणाची साधने हे सारे आवश्यक असले तरी ते गरजेनुसार अधूनमधून शिकवावे.

अभ्यासक्रमाचा निम्मा वेळ समीक्षेला दिला, तर तो वाया जाणार नाही. डिजिटल कॅमेऱ्याने चित्र घेणे जवळजवळ फुकट केले आहे, त्यामुळे दोनशेंतून दहा निवडणे हेच आता अवघड काम झाले आहे. दर आठवड्याला विद्यार्थ्याने मोजकी चित्रे छापून भिंतीवर लावावीत, इतरांनी त्यांत काय दिसते ते आधी सांगावे, आणि चांगले-वाईट नंतर ठरवावे. वर्षअखेरीस प्रत्येकाच्या हाती एखाद्या विषयाचा सलग पाठपुरावा असावा. छायाचित्रकार सुधारक ओलवे यांनी मुंबईतील सफाई कामगारांचे जगणे टिपताना जे काम केले, त्याचे बळ एकेका सुंदर चौकटीपेक्षा त्या माणसांच्या आयुष्यात पुन्हापुन्हा जाऊन पाहण्यात आहे. गावचा आठवडी बाजार, कोळीवाडा, एखादी जुनी पेठ असे विषय विद्यार्थ्यांच्या उंबरठ्यावरच आहेत.

कायद्याचा भाग बहुतेक वेळा गाळला जातो, हे गैर आहे. १९५७ च्या भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार छायाचित्राचा स्वामित्वहक्क सामान्यतः ते घेणाऱ्याकडे असतो. पण कोणी मोबदला देऊन स्वतःसाठी ते काढून घेतले आणि वेगळा करार नसेल, तर पहिला हक्क काढून घेणाऱ्याचा ठरतो. लग्नाची कामे घेणाऱ्या प्रत्येक तरुणाने हे जाणून, लेखी करार करूनच काम घ्यावे. समोरच्याची संमती, विशेषतः लहान मुले, रुग्ण आणि संकटातली माणसे यांच्याबाबतीत, कायद्याच्याही पलीकडे जाऊन शिकवावी लागते. आणि जतनही शिकवावे लागते: भारताच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांचा संग्रह दिल्लीच्या अल्काझी फाउंडेशनकडे सोपवला गेल्यामुळे आज अभ्यासकांना उपलब्ध आहे. डिजिटल फाइल तर एका बिघडलेल्या हार्ड डिस्कबरोबर नाहीशी होते, म्हणून तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर आणि त्यांतली एक दुसऱ्या ठिकाणी, हा नियम पहिल्या महिन्यातच अंगवळणी पाडावा.

ज्या पालकांना किंवा तरुणांना असा वर्ग निवडायचा आहे, त्यांनी प्रवेशापूर्वी तिथे कोणते कॅमेरे आहेत हे विचारण्याऐवजी मागच्या तुकडीतील विद्यार्थ्यांच्या छापील चित्रमालिका पाहायला मागाव्यात, आणि चित्रांवर चर्चा करण्यासाठी आठवड्यातले किती तास राखून ठेवले आहेत याची चौकशी करावी. या दोन्हींचे समाधानकारक उत्तर मिळाले नाही, तर शुल्क भरू नये.