गेम चोरून खेळणाऱ्यांना कंपनीनं माफी दिली, वर ७५ टक्के सूटही दिली

समजा, तुमची खानावळ आहे. १०० जण जेवून गेले आणि पैसे दिले फक्त ५ ते १५ जणांनी. तुम्ही काय कराल? दारात माणूस बसवाल, 'आधी कुपन, मग जेवण' अशी पाटी लावाल, नाहीतर थेट शटर खाली ओढाल.

२०१० मध्ये चेक प्रजासत्ताकातल्या एका छोट्या गेम कंपनीवर हीच वेळ आली होती. त्यांचा अंदाज असा होता की, त्यांचा गेम खेळणाऱ्यांपैकी फक्त ५ ते १५ टक्के लोकांनी तो विकत घेतलाय. बाकी सगळे पायरेटेड कॉपीवर खेळतायत.

कंपनीनं मात्र केस ठोकली नाही. त्यांनी सेल लावला. त्याचं नाव 'पायरेट अ‍ॅम्नेस्टी', म्हणजे चोरांना माफी. २० डॉलरचा गेम थेट ५ डॉलरला.

गेमचं नाव 'मशिनेरियम' आणि कंपनीचं नाव 'अमानिता डिझाइन'. आजही स्टीमवर सेल लागला की हा गेम मोठ्या सवलतीत दिसतो आणि नवीन लोकांना प्रश्न पडतो, एवढा स्वस्त आहे तर चांगला असेल का? त्याचं उत्तर या कंपनीच्या गोष्टीत सापडतं.

कॉलेजच्या प्रोजेक्टमधून उभी राहिलेली कंपनी

याकुब द्वोर्स्की हा प्रागच्या कला अकादमीत शिकणारा विद्यार्थी. २००३ मध्ये त्यानं शेवटच्या प्रोजेक्टसाठी 'सामोरोस्त' नावाचा छोटा गेम बनवला. ब्राउझरमध्ये उघडायचा, फुकट खेळायचा. चेक भाषेत सामोरोस्त म्हणजे वेड्यावाकड्या आकाराचं मूळ किंवा लाकूड, ज्यात बघणाऱ्याला एखादा प्राणी किंवा चेहरा दिसतो. गेमही तसाच होता. शेवाळ, लाकडं आणि गंजलेल्या वस्तूंच्या फोटोंतून तयार झालेलं विचित्र जग.

त्याच वर्षी अमानिता डिझाइन सुरू झाली. अमानिता हे मशरूमच्या एका प्रजातीगटाचं नाव. सुरुवातीला कंपनी दुसऱ्यांसाठीही कामं करायची. बीबीसीसाठी त्यांनी बनवलेल्या 'क्वेश्चनॉट' या शैक्षणिक गेमला पुढे बाफ्टाचं नामांकन मिळालं. २००५ मध्ये 'सामोरोस्त २' आला. त्याचा पहिला भाग फुकट होता आणि पुढचा हवा असेल तर पैसे भरायचे. म्हणजे आधी चव बघा, आवडलं तर घ्या.

मशिनेरियममध्ये आहे काय?

योसेफ नावाचा एक छोटा रोबोट आहे. गेम सुरू होतो तेव्हा तो शहराबाहेरच्या भंगारात तुकडे होऊन पडलेला असतो. तिथून स्वतःला जोडून घेत शहरात परत जायचं, गुंडांच्या टोळीचा कट हाणून पाडायचा आणि पकडून ठेवलेल्या मैत्रिणीला सोडवायचं, एवढीच गोष्ट.

या नावामागेही एक किस्सा आहे. 'रोबोट' हा शब्द जगाला दिला तो चेक लेखक कारेल चापेक यांच्या १९२० च्या 'आर. यू. आर.' या नाटकानं. पण तो शब्द सुचला होता त्यांचा भाऊ योसेफ चापेक यांना. गेममधल्या रोबोटला त्यांचंच नाव दिलंय.

दुसरी भारी गोष्ट म्हणजे गेममध्ये पात्रांच्या तोंडी एकही संवाद नाही. कुणाला काय हवंय, ते डोक्यावरच्या फुग्यात चित्रातून दिसतं. त्यामुळे चेक येत नसलं, इंग्रजी कच्चं असलं तरी अडत नाही. प्रागमधलं पोरगं आणि परभणीतलं पोरगं एकाच ठिकाणी अडकतं आणि एकाच ठिकाणी सुटतं.

आणि अडकतं हे नक्की. योसेफ उंच होऊ शकतो, बुटका होऊ शकतो, पण हात पोहोचेल तेवढ्याच वस्तू उचलू शकतो. त्यामुळे स्क्रीनवर कुठंही क्लिक करत सुटण्यात अर्थ नाही, विचार करावाच लागतो. अगदीच जमलं नाही तर उत्तरांचं पुस्तक आहे, पण ते उघडायलाही आधी एक छोटा गेम खेळावा लागतो. कॉपी करायची असेल तर तिथंही थोडी मेहनत करा, असा प्रकार.

७ जण, ३ वर्षं आणि स्वतःच्या खिशातले पैसे

हा गेम ७ जणांनी ३ वर्षं खपून बनवला. पाठीशी मोठा गुंतवणूकदार नव्हता, पैसे स्वतःच्या बचतीतले. जाहिरातीचं बजेट होतं १ हजार डॉलर, म्हणजे तेव्हाच्या हिशेबानं ५० हजार रुपयांच्याही आत. गेम बाजारात येण्याआधीच २००९ मध्ये त्याला इंडिपेंडंट गेम्स फेस्टिव्हलमध्ये चित्रकलेसाठीचा पुरस्कार मिळाला. ऑक्टोबर २००९ मध्ये गेम आला, कौतुकही झालं.

पण गेमला डिजिटल कुलूप लावलेलं नव्हतं. विकत घेणाऱ्याला त्रास नको म्हणून मोकळी ठेवलेली ही कॉपी इंटरनेटवर फुकट फिरू लागली.

इथं गेमच्या धंद्याचं गणित समजून घ्यायला हवं. डिजिटल गेमची आणखी एक कॉपी विकायला जवळपास काहीच खर्च येत नाही. सगळा खर्च आधीच झालेला असतो, तो म्हणजे माणसांची वर्षं. त्यामुळे फुकट खेळणाऱ्यानं दुकानातून वस्तू उचलून नेलेली नसते, पण पुढच्या गेमसाठी लागणारा पगार मात्र तो देत नाही. मोठी कंपनी हे सहन करते, ७ जणांची कंपनी संपूही शकते.

माफीचा सेल

५ ऑगस्ट २०१० ला सेल सुरू झाला. ५ डॉलर, म्हणजे तेव्हाचे साधारण सव्वादोनशे ते अडीचशे रुपये. सोबत गेमचं संगीतही मिळणार होतं. तुम्ही खरंच चोरून खेळला होता का, याचा पुरावा कुणी मागत नव्हतं. १२ ऑगस्टला संपणारा सेल पुढे १६ ऑगस्टपर्यंत वाढवण्यात आला.

यात कंपनीनं एक ओळखलं होतं. फुकट खेळलेला प्रत्येक जण शत्रू नसतो. कुणाला २० डॉलर परवडत नाहीत, कुणाला आधी खात्री हवी असते. अशांना ओरडण्यापेक्षा परत यायला दार उघडं ठेवलं, तर काही जण तरी पैसे देतात आणि पुढच्या गेमला रांगेत उभे राहतात.

नाव कमावलं, ते टिकवलं कसं?

२०१२ मध्ये त्यांचा 'बोटानिक्युला' आला तो हंबल बंडलमधून, 'हवे तेवढे पैसे द्या' या पद्धतीनं, आणि त्यातला काही वाटा जंगल वाचवण्याच्या कामाला गेला. २०१६ मध्ये 'सामोरोस्त ३' आला. २०२० च्या शेवटी फ्लॅश बंद झालं आणि ब्राउझरमधले असंख्य जुने गेम मेले. अमानितानं २०२१ मध्ये आपला पहिला सामोरोस्त नव्यानं बनवला आणि पुन्हा फुकटच दिला.

चूकही झाली. २०१८ च्या 'चुखेल'मधलं मुख्य पात्र काळं, केसाळ होतं. कृष्णवर्णीयांची टिंगल करणाऱ्या जुन्या 'ब्लॅकफेस' सोंगाशी ते मिळतंजुळतं असल्याची टीका झाली. तसा हेतू नव्हता, असं सांगून कंपनीनं त्याच वर्षाच्या शेवटी पात्राचा रंग नारंगी केला. त्यावर काही खेळाडू नाराजही झाले, पण कंपनी मागे हटली नाही.

मग सेलमध्ये घ्यायचा का?

मारामारी आणि वेग हवा असेल, तर हा गेम तुमच्यासाठी नाही. चाल संथ आहे, काही कोडी डोकं खातात आणि सगळा गेम साधारण ५-६ तासांत संपतो. पण कोडी आणि हातानं काढलेली चित्रं आवडत असतील, तर नक्की बघा.

कुठलाही इंडी गेम सेलमध्ये घेताना हीच पद्धत वापरा. सुटीचा आकडा बघण्याआधी ती कंपनी जुन्या गेमला अपडेट देते का, चूक झाल्यावर काय करते, हे बघा. गेम विशलिस्टमध्ये टाका, किंमत उतरली की स्टीम कळवतं. घेतल्यावर नाहीच आवडला, तर १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मागता येतात.

७५ टक्के सूट कुणीही देऊ शकतं. पण चोरून खेळणाऱ्याला 'परत ये' म्हणायला आधी गेमवर विश्वास लागतो. अमानिताला तो होता, म्हणून २००३ ची ही कंपनी आजही गेम बनवतेय.