एअर रायफलवरची दुर्बीण का बिघडते?

मागच्या व्याख्यानानंतर एका तरुण नेमबाजाने आम्हाला गाठून विचारलं, "सर, महिनाभर माझे छर्रे भलतीकडेच जातायत. माझा हात बिघडला की दुर्बीण?" आम्ही त्याची रायफल तपासली. हात ठीक होता, बिघाड दुर्बिणीत होता. पण तोवर या मुलाने नेमबाजी सोडायचं जवळजवळ ठरवलं होतं. म्हणून आजचा विषय हाच.

आधी साधा हिशोब करू. मोठ्या रायफलची 10 ग्रॅमची गोळी सेकंदाला 800 मीटर वेगाने सुटते, असं धरा. रायफल 4 किलोची असेल तर केवळ गोळीमुळे ती सेकंदाला 2 मीटर वेगाने मागे येते. हा वेग तिला साधारण सव्वा मिलिसेकंदात मिळतो. म्हणजे त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या 160 पट! अर्धा किलोच्या दुर्बिणीला सोबत ओढून न्यायला रिंगांना त्या क्षणी 80 किलो वजनाइतका जोर लावावा लागतो. दुर्बीण जितकी जड, तितका हा जोर जास्त.

मग एअर रायफलचं काय? छर्रा तर जेमतेम अर्ध्या ग्रॅमचा. खांद्याला धक्का फारसा जाणवतही नाही. पण स्प्रिंगवाल्या एअर रायफलमध्ये खरा धक्का छर्र्याचा नसतोच, तो आतल्या जड पिस्टनचा असतो. घोडा दाबला की स्प्रिंग पिस्टनला पुढे ढकलते आणि रायफल मागे सरते. लगेच पिस्टनसमोरची हवा दाबली जाते, पिस्टन एकदम थांबतो आणि रायफलला पुढच्या दिशेने हिसका बसतो. हा दुसरा हिसका जास्त तीव्र असतो. बऱ्याच दुर्बिणींची रचना फक्त मागच्या धक्क्याचा विचार करून केलेली असते. म्हणून मोठ्या रायफलवर वर्षानुवर्षं टिकलेली दुर्बीणसुद्धा इथे मान टाकू शकते.

आत नेमकं काय बिघडतं? दुर्बिणीच्या नळीत आणखी एक छोटी नळी असते. वरचं आणि बाजूचं बटण फिरवलं की ती सरकते. समोरून एक स्प्रिंग तिला बटणांच्या स्क्रूवर दाबून धरते. ही स्प्रिंग थकली की प्रत्येक धक्क्यानंतर नळी वेगळ्या जागी बसते आणि नेम भटकतो. याशिवाय भिंगं धरणारी कडी सैल होतात, बारीक तारेची फुली तुटते, किंवा रबरी सील सुटून आतला नायट्रोजन निघून जातो आणि पावसाळ्यात भिंगांवर आतून वाफ धरते.

पण थांबा, लगेच दुकानात जाऊ नका. रायफल रिकामी आहे याची खात्री करा आणि आधी स्क्रू तपासा. पुष्कळदा दोषी दुर्बीण नसते, माउंट असतं. पुढच्या हिसक्यामुळे दुर्बीण पट्टीवरून हळूहळू मागे सरकते. माउंटच्या कडेला पेन्सिलने खूण करा आणि वीस छर्रे मारून पाहा. खूण हलली, तर उत्तर मिळालं.

माउंट पक्कं असेल तर चौकोनाची चाचणी घ्या. रायफल टेकवून, नेम त्याच ठिपक्यावर ठेवून तीन छर्रे मारा. मग 20 क्लिक उजवीकडे, 20 वर, 20 डावीकडे, 20 खाली करा आणि प्रत्येक ठिकाणी तीन-तीन छर्रे मारा. पाव मिनिटाच्या क्लिकला 25 मीटरवर चौकोनाची बाजू साधारण 36 मिलिमीटर यायला हवी आणि शेवटचे छर्रे पहिल्या जागी परतायला हवेत. त्या मुलाचे परतले नाहीत. त्याची दुर्बीण बदलावीच लागली.

नवी घेताना लोक आधी विचारतात, "किती एक्सची?" आम्ही म्हणतो, हा प्रश्न शेवटी. स्प्रिंगवाल्या एअर रायफलसाठी, म्हणजे दोन्ही दिशांच्या धक्क्यांसाठी ती बनवली आहे का, आणि वॉरंटीत तसं लिहिलंय का, हे आधी बघा. फुली तारेची नको, काचेवर कोरलेली हवी. नळी एकसंध असावी, वजन कमी असावं. फोकस 10 मीटरपर्यंत जुळायला हवा. मोठ्या रायफलच्या दुर्बिणी बहुधा 100 यार्डांवर जुळवलेल्या असतात. माउंट एकसंध आणि थांबपिन असलेलं घ्या; पिन रायफलवरच्या भोकात बसली पाहिजे. स्क्रू कंपनीने सांगितलेल्या टॉर्कनेच आवळा. अंदाजाने आवळाल तर नळी चेपेल.

एवढं जमलं की 25 मीटरसाठी 4 एक्ससुद्धा पुष्कळ झालं. आणि छर्रे भटकायला लागले, तर स्वतःच्या हाताला दोष देण्याआधी एकदा तो चौकोन मारून बघा.