विश्लेषण : बीएस्सी करतानाच इम्युनॉलॉजीच्या प्रयोगशाळेत संधी कशी मिळते?

शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच पेशींवर हल्ला का करत नाही, याचा उलगडा करणाऱ्या मेरी ब्रुन्को, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना २०२५चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. या विषयात संशोधन करण्याची इच्छा असलेल्या बीएस्सीच्या विद्यार्थ्यांना पीएचडीपर्यंत थांबावे लागत नाही.

संधी कुठे?
पुण्यातील राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र (एनसीसीएस) आणि दिल्लीतील नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनॉलॉजी येथे प्रतिकारशक्तीवर संशोधन चालते. बेंगळूरु, दिल्ली आणि प्रयागराज येथील तीन राष्ट्रीय विज्ञान अकादमी मिळून उन्हाळी संशोधन फेलोशिप देतात. तिचा कालावधी साधारण दोन महिन्यांचा असतो. निवड झालेल्यांना विद्यावेतन मिळते. त्यामुळे घरची परिस्थिती बेताची असली तरी परगावी राहून काम करता येते.

अर्ज कधी करायचा?
इथेच अनेकांची गाडी चुकते. परीक्षा संपल्यावर, एप्रिल-मेमध्ये शोधाशोध सुरू होते. अकादमींचे अर्ज मात्र बहुधा आदल्या वर्षी दिवाळीच्या आसपासच मागवले जातात. नेमकी तारीख व पात्रता दरवर्षी संकेतस्थळावर पाहावी. शिफारसपत्रासाठी प्राध्यापकांना आधीच सांगून ठेवावे.

प्रयोगशाळेत काय करावे लागते?
सुरुवात पिपेट धरण्यापासून होते. पेशी वाढवणे आणि सूक्ष्मदर्शकाखाली मोजणे हे रोजचे काम. ट्रिपॅन ब्लू हा रंग टाकला की मृत पेशी निळ्या दिसतात, जिवंत पेशी रंग घेत नाहीत. ‘एलायझा’ चाचणीत ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये उमटलेल्या रंगाच्या गडदपणावरून प्रथिनाचे प्रमाण कळते. हातमोजे घालण्यात हलगर्जी झाली, बुरशी शिरली की आठवड्याची मेहनत वाया जाते.

थेट ईमेल केला तर?
चालते. पण एकच मजकूर पन्नास जणांना पाठवू नये. त्या शास्त्रज्ञाचा एखादा शोधनिबंध वाचून, त्यातले काय समजले आणि काय शिकायचे आहे, हे चार ओळींत लिहावे. उत्तर आले नाही तर दोन आठवड्यांनी एकदा नम्रपणे आठवण करावी.

हाती काय लागते?
दोन महिन्यांत शोधनिबंध होईलच असे नाही. कॉलेजच्या प्रात्यक्षिकाचे उत्तर जर्नल लिहिण्याआधीच ठाऊक असते. इथे ते मार्गदर्शकालाही ठाऊक नसते. ही अनिश्चितता आपल्याला मानवते का, हे पीएचडीची पाच-सहा वर्षे देण्याआधीच कळते. ‘नाही’ असे उत्तर मिळाले, तरी दोन महिने सत्कारणी लागले.