फुटपाथलगतची भाजी

लॉस एंजलिसच्या घरांपुढे फुटपाथ आणि डांबरी रस्ता यांच्यामध्ये जमिनीची एक अरुंद पट्टी सोडलेली असते. मालकी महापालिकेची, पाणी घालायचं, गवत कापायचं, कचरा उचलायचा हे काम मात्र समोरच्या घरमालकाचं. बहुतेकजण तिथे हिरवळ राखतात, नाहीतर पट्टी उजाड पडून राहते. या शहरात वर्षाला जेमतेम 350 ते 375 मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तोही मुख्यतः हिवाळ्यात. तरीही कोणी बसत नाही, खेळत नाही अशा गवतावर वर्षानुवर्षं नळाचं पाणी ओतलं जातं.

2010 मध्ये शहराच्या साउथ सेंट्रल भागात राहणाऱ्या रॉन फिनली यांनी आपल्या घरापुढची अशीच एक पट्टी खणायला घेतली. साधारण 150 फूट लांब, 10 फूट रुंद. फिनली व्यवसायाने फॅशन डिझायनर. बागकामाचे धडे त्यांनी शहराच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात फ्लॉरेन्स निशिदा यांच्या वर्गात घेतले होते. निशिदा आणि इतर काही मंडळींबरोबर त्यांनी एल. ए. ग्रीन ग्राउंड्स हा स्वयंसेवकांचा गटही उभा केला. एखाद्याच्या दारात सगळ्यांनी मिळून जायचं आणि भाजीची बाग लावून द्यायची, हे या गटाचं काम.

भाजीच का, हे कळायला ती वस्ती पाहावी लागते. कृष्णवर्णीय आणि लॅटिनो कष्टकऱ्यांचा हा भाग. कोपऱ्याकोपऱ्यावर दारूची दुकानं आणि बर्गरच्या खिडक्या, पण ताजी भाजी-फळं विकणारं दुकान जवळपास सापडणं कठीण. चांगलं सफरचंद हवं तर गाडीने जाऊन-येऊन पाऊण तास मोडायचा, असा फिनलींचा स्वतःचा अनुभव. लठ्ठपणा आणि मधुमेह इथे घरोघरी. 2008 मध्ये शहराने या भागात नवी फास्ट फूड उपाहारगृहं उघडण्यावर निर्बंध घातले. पण निर्बंधाने एक वाईट दुकान फार तर अडवता येतं. दारात पालेभाजी त्यातून उगवत नाही.

फिनलींच्या पट्टीत ती उगवली. केल नावाची कोबीच्या कुळातली पालेभाजी, डाळिंबं, आणि या सगळ्यांवर मान काढून उभी असलेली सूर्यफुलं. इतक्या रखरखीत रस्त्यावर एवढी मोठी पिवळी फुलं पाहून माणसं चालता चालता थांबायची. हे काय आहे, कधी लावलं, खाता येतं का, असे प्रश्न सुरू व्हायचे आणि अनोळखी माणसांत बोलणं व्हायचं.

एका रात्री साडेदहाच्या सुमारास फिनलींना एक आई आणि तिची मुलगी बागेत शिरलेल्या दिसल्या. त्यांना पाहून दोघी ओशाळल्या. फिनली सांगतात, लाज खरं तर त्यांना स्वतःला वाटली: आपल्या शेजारी माणसं इतकी भुकेली आहेत, याची. भाजी चोरीला जाईल अशी भीती वाटत नाही का, असं लोक विचारतात, तेव्हा त्यांचं उत्तर ठरलेलं असतं. लोकांनी न्यावी म्हणूनच ती रस्त्यावर लावली आहे.

महापालिकेला हे रुचलं नाही. पट्टीत काय लावावं याचे नियम ठरलेले होते, त्यात भाजी बसत नव्हती. बाग काढा, नाहीतर सुमारे 400 डॉलरचा परवाना घ्या, अशी नोटीस आली. फिनलींनी बाग काढली नाही. एका वर्तमानपत्राने दखल घेतली, शेकडो लोकांनी अर्जावर सह्या केल्या, नगरसेवकही पाठीशी उभे राहिले. 2013 मध्ये अशा बागांवरची कारवाई थांबवण्याचा निर्णय झाला आणि 2015 मध्ये नियमच बदलला: पट्टीत भाजीपाला लावायला आता वेगळा परवाना लागत नाही. झाडं फार उंच वाढवून चालकांची नजर अडवायची नाही, गाडीतून उतरणाऱ्याला पाय ठेवायला जागा सोडायची, या अटी आहेत. त्या रास्तही आहेत.

हीच बाग घरामागे असती तर यातलं काहीच घडलं नसतं. रस्त्यावरची, सगळ्यांना दिसणारी भाजीच माणसांना जवळ आणते, हे इंग्लंडमधल्या टॉडमॉर्डन या जुन्या गिरणगावातही दिसलं. 2008 मध्ये तिथे ‘इनक्रेडिबल एडिबल’ ही चळवळ सुरू झाली. तिच्या आरंभापासूनच्या कार्यकर्त्या मेरी क्लिअर यांनी घरापुढची भिंत पाडली, तिथे भाजी लावली आणि हवी ती न्या, अशी पाटी ठोकली. लोक आधी बिचकले. मग हळूहळू हात पुढे आले. पुढे पोलीस ठाण्यासमोर मका डोलू लागला, आरोग्य केंद्राभोवतीची काटेरी झुडपं जाऊन फळझाडं आणि औषधी वनस्पती आल्या, रेल्वे स्थानकावर मसाल्याची पानं खुडता येऊ लागली.

रस्त्याकाठी खाण्याचं काही लावताना एक काळजी मात्र घ्यावीच लागते. शिसंयुक्त पेट्रोल बंद होऊन बराच काळ लोटला, अमेरिकेत 1996 मध्ये आणि भारतात 2000 मध्ये. पण जुन्या वाहत्या रस्त्यांलगतच्या मातीत पडलेलं शिसं आपोआप नाहीसं होत नाही. मातीची तपासणी करून घेणं उत्तम. ते जमलं नाही तर कडेने फळ्या किंवा विटा लावून उंच वाफा करावा आणि बाहेरून आणलेली स्वच्छ माती व कंपोस्ट त्यात भरावं. धूळ पालेभाज्यांच्या पानांवर साचते आणि कंदमुळं थेट मातीत वाढतात; त्यांच्या मानाने टोमॅटो, वांगी, शेंगा यांना धोका कमी. काहीही असो, धुऊनच खावं.

फिनलींच्या बागेवर पुढे आणखी एक संकट आलं. ते ज्या जागेत राहत होते, ती पूर्वी पोहायला शिकवण्याची शाळा होती. तिथला कोरडा तलावही त्यांनी झाडांनी भरून टाकला होता. या जागेची मालकी एका मालमत्ता कंपनीकडे गेली आणि जागा सोडण्याची वेळ आली. सामान्य देणगीदार धावून आले, सेंद्रिय अन्नाच्या धंद्यातल्या काही कंपन्यांनीही पैसे घातले. सुमारे पाच लाख डॉलर जमले आणि 2017 मध्ये ती जागा विकत घेऊन बाग राखली गेली.