दुहेरी केबिनची पिकअप आणि तिची मागील बैठक

आमच्या ठाणें जिल्ह्यांतील बागाईतदारांच्या दारीं आतां बैलगाडीच्या जागीं पिकअप गाडी उभी दिसते. मुरबाड, शहापूर, भिवंडी व कल्याण या तालुक्यांतून भेंडी, काकडी व फुलें पहाटेस कल्याणच्या बाजार समितींत किंवा ठाण्यास नेणें, परततांना खत, बियाणें व पशुखाद्य आणणें, आणि त्याच गाडींतून घरच्या मंडळीस दवाखान्यास वा लग्नकार्यास पोंचविणें, अशीं दोन्ही कामें एकाच वाहनाकडून व्हावींत अशी शेतकऱ्याची इच्छा असते. म्हणून दुहेरी केबिनची, म्हणजे पुढें दोन व मागें तीन माणसें बसतील अशी, पिकअप घ्यावी कीं काय, असा विचार पुष्कळ जण करतात. अशा खरेदीच्या वेळीं इंजिन, ओढ, डिझेलचा खर्च व किंमत यांची चौकशी बारकाईनें होते. मागील बैठकीवर मात्र सहसा कोणी दहा मिनिटेंहि बसून पाहत नाहीं. प्रस्तुत लेखांत त्या बैठकीचाच विचार करण्याचें योजिलें आहे. ही केवळ चैनीची बाब नव्हे. माणसांच्या जिवाशीं व मालकाच्या जमिनीशींहि तिचा संबंध पोंचतो, हें पुढील विवेचनावरून वाचकांच्या ध्यानीं येईल.

दमणी आणि खटारा.— आपल्या वाडवडिलांच्या काळीं माणसांस दमणी व मालास खटारा अशीं दोन वेगळीं वाहनें असत. दमणी हलकी, तिच्यांत गादी. खटारा भक्कम, त्यांत माणूस दोन कोस गेला तर अंग मोडून यावयाचें. काम निराळें म्हणून बांधणी निराळी. मोटारीच्या युगांतहि आरंभीं हाच भेद होता. १९४७ सालीं महिंद्र कंपनीनें विलीज जीप जोडून विकण्यास प्रारंभ केला, व त्या वंशांतील गाड्या पुढें खेड्यापाड्यांत माणसें वाहूं लागल्या. मागें समोरासमोर दोन बांक व त्यांवर दाटीनें बसलेले उतारू, हें दृश्य वाचकांच्या परिचयाचें आहे. १९८८ सालीं टेल्कोनें ‘टाटामोबाईल’ ही पिकअप बाजारांत आणली. महिंद्रची बोलेरो कॅम्पर, २०१६ सालीं आलेली इसुझूची व्ही-क्रॉस व २०२२ सालीं आलेली टोयोटाची हायलक्स या आजच्या दुहेरी केबिनच्या गाड्या होत. दमणी व खटारा एकाच सांगाड्यावर चढविण्याचा हा प्रयत्न असल्यामुळें दोन्ही बाजूंस थोडीथोडी तडजोड ही असावयाचीच. ती कोठें व किती केली आहे हें ओळखतां येणें, यांतच गिऱ्हाइकाचें शहाणपण आहे.

जागेची वांटणी.— शेताच्या वांटणींत एका भावास बांध सरकवून दिला तर दुसऱ्याचें क्षेत्र कमी होतें. तोच न्याय येथें लागू आहे. हायलक्सची एकंदर लांबी ५,३२५ मिलिमीटर, म्हणजे सुमारे साडेसतरा फूट. बोलेरो कॅम्परची लांबी सुमारे ४,८६० मिलिमीटर, म्हणजे सोळा फुटांस थोडी कमी. या लांबींतून इंजिन, पुढील बैठक, मागील बैठक व हौदा यांस जागा द्यावयाची असते. एकेरी केबिनच्या पिकअपचा हौदा आठ-नऊ फुटांचा असतो, तर दुहेरी केबिनच्या गाडीचा पांच फुटांच्या आसपास राहतो. मागील बैठकीसाठीं शेतकऱ्यास हौद्याचे तीन-चार फूट सोडावे लागतात असा याचा अर्थ. भाजीच्या नेहमीच्या क्रेटचा हिशेब केल्यास एका थरास चार ते सहा क्रेटची जागा जाते. एवढी किंमत मोजून घेतलेली बैठक जर बसण्याजोगी नसेल, तर माल गेला व माणसाची सोयहि झाली नाहीं, अशी स्थिति व्हावयाची.

रुंदीचाहि विचार करावा. साधारण माणसास खांद्यापाशीं दीड फूट जागा लागते. तिघांस साडेचार फूट. कॅम्परची बाहेरची रुंदी सुमारे १,६७० मिलिमीटर, म्हणजे साडेपांच फूट आहे. दोन्ही दारांची जाडी वजा जातां तिघे जण अंग चोरून बसतात. हायलक्स १,८५५ व व्ही-क्रॉस १,८६० मिलिमीटर रुंद आहे, म्हणजे सात इंच अधिक. तेथें तिघांस खांदे मोकळे ठेवतां येतात. परंतु या मोठ्या गाड्यांची किंमत पुष्कळच अधिक असते, आणि गांवच्या अरुंद आळींत वा डोंबिवलीच्या गर्दींत त्या वळविणें व उभ्या करणें तितकेंच जिकिरीचें होतें. ज्याच्या मागें बहुधा दोनच माणसें बसणार, त्यानें केवळ रुंदीसाठीं एवढा खर्च करण्याचें कारण नाहीं.

बैठक कां सोसत नाहीं.— याचीं कारणें मुख्यतः तीन आहेत. पहिलें कारण पाठीचें. मोटारकारमध्यें मागील बैठकीच्या पाठीमागें सामानाची जागा असल्यामुळें पाठ मागें कलती ठेवतां येते. पिकअपमध्यें बैठकीच्या मागें लागलीच केबिनची भिंत व तिच्यामागें हौदा. पाठ कलती करावयाची तर बैठक पुढें सरकवावी लागते, व मग गुडघ्यांस जागा उरत नाहीं. म्हणून पाठ उभी ठेवितात. अशा बैठकीवर अर्धा तास कांहीं वाटत नाहीं. माळशेज घाट चढून जुन्नरपर्यंत जाणाऱ्या वृद्ध माणसाची कंबर मात्र धरल्याशिवाय राहत नाहीं.

दुसरें कारण तळाच्या उंचीचें. पिकअपची केबिन ही शिडीसारख्या लोखंडी सांगाड्यावर बसविलेली असते. भार सोसण्यास हा सांगाडा उत्तम. पण त्यामुळें केबिनचा तळ उंच जातो. छप्पर फार उंच नेतां येत नाहीं, म्हणून गादी तळापासून कमी उंचीवर बसवितात. परिणाम असा कीं, बसणाराचे गुडघे वर येतात, मांडी गादीस टेकत नाहीं, व सर्व भार बैठकीच्या मागील कडेवर पडतो. पाटावर बसून पाय पुढें सोडल्यासारखें तें बसणें होतें.

तिसरें कारण पाट्यांचें. वर सांगितलेल्या गाड्यांच्या मागील आंसाखालीं कमानीचे पाटे असतात. भार पेलण्यासाठीं ते कठीण करावे लागतात. हौद्यांत माल असतांना पाटे दबतात व गाडी संथ चालते. रिकाम्या गाडीचे पाटे दबत नाहींत, म्हणून प्रत्येक खड्ड्याचा धक्का जसाच्या तसा वर येतो. सकाळीं माल घेऊन जातांना जी गाडी सुखाची वाटते, तीच दुपारीं रिकामी परततांना उसळते, याचें कारण हेंच. तथापि मागील बैठक दोन्ही आंसांच्या मध्यें असते, तर हौद्यांतील माणूस जवळजवळ मागील आंसावरच असतो. म्हणून केबिनमधील बैठक कितीहि कठीण असली तरी हौद्यापेक्षां तेथें धक्का कमीच लागतो.

खरेदीपूर्वींची परीक्षा.— दुकानांतील गाडी रिकामी, स्थिर व थंड असते. तेवढ्यावर निर्णय करूं नये. प्रथम जो नेहमी गाडी चालविणार, त्यास पुढें बसवून त्याची बैठक त्याच्या सोयीप्रमाणें मागेंपुढें करून घ्यावी. नंतर त्याच्या मागें घरांतील सर्वांत उंच माणसानें बसावें. गुडघा व पुढील बैठक यांत चार बोटें आणि डोकें व छप्पर यांत एक मूठ अंतर असावें. पुढील बैठकीखालीं पाऊल सरकतें कीं नाहीं तें पाहावें. पाऊल सरकल्यास थोडी कमी जागाहि पुरते. मांडी गुडघ्याच्या जवळपर्यंत गादीस टेकली पाहिजे. मधल्या माणसाच्या पायांखालीं तळास उंचवटा असल्यास तो किती आहे तें बघावें. मग घरांतील वडील स्त्रीस चढउतार करावयास सांगावें. पायरी किती उंच, दार किती उघडतें, हातास धरण्यास मूठ आहे किंवा नाहीं, हीं त्यांच्या दृष्टीनें मोठीं प्रश्नें आहेत. तिन्ही जागांस खांद्यावरून येणारा पट्टा व डोक्यास टेका आहे काय, हें विचारावें. शेवटीं निदान अर्धा तास, आणि तोहि खराब रस्त्यानें, मालकानें स्वतः मागें बसून फेरी करावी. चालविणारास चाकाचा आधार असतो व पुढचा खड्डा दिसत असतो. मागच्यास दोन्ही नसतात.

हौद्यांतील माणूस आणि विमा.— आतां खरा महत्त्वाचा मुद्दा. आवणीच्या दिवसांत मजूर हौद्यांत उभे राहून जातात, हें आपण पाहतों. दुहेरी केबिन असूनहि ‘मागें कोंडल्यासारखें होतें’ म्हणून माणसें हौद्यांतच बसणें पसंत करतात. बैठक सोसवत नसली कीं ती ओस पडते व हौदा भरतो. याचा परिणाम काय होतो तें ऐका.

मोटार वाहन कायदा १९८८ सालचा. १९९४ सालीं त्यांत दुरुस्ती होऊन मालाचा धनी वा त्याचा नेमलेला प्रतिनिधी यांस सक्तीच्या विम्याचें संरक्षण मिळालें. परंतु सर्वोच्च न्यायालयानें २००२ व २००४ सालच्या निर्णयांत असें ठरविलें कीं, मालवाहू गाडींतून फुकट नेलेल्या इतर उतारूंची जोखीम या सक्तीच्या विम्यांत येत नाहीं. २००७ सालीं त्याच न्यायालयानें असेंहि म्हटलें कीं, मालाचा धनी म्हणजे केबिनमध्यें बसून जाणारा. गाडीवर कामास ठेवलेल्या नोकराची गोष्ट निराळी; त्याच्या भरपाईची तरतूद कायद्यानें मर्यादित प्रमाणांत केली आहे. इतरांची भरपाई अखेर मालकाच्या अंगावर येते. आणि ती न दिल्यास त्याच कायद्याच्या १७४ व्या कलमान्वयें न्यायाधिकरण जिल्हाधिकाऱ्यांकडे दाखला पाठवितें व रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणें वसूल होते. थकबाकीची वसुली कशी होते, जप्तीची नोटीस कशी येते व जमिनीपर्यंत गोष्ट कशी जाते, हें खातेदारांस सांगण्याची आवश्यकता नाहीं. सात-बाराचा उतारा आपण जसा ओळीओळीनें वाचतों, तशीच नोंदणी प्रमाणपत्रांतील वाहनाचा वर्ग व आसनसंख्या आणि विमापत्रांतील उतारूंची संख्या वाचून ताडून पाहावी. तिन्ही ठिकाणीं मेळ नसेल तर गाडी घेण्यापूर्वींच खुलासा करून घ्यावा.

मागील बैठकीवर बसल्यानेंच सर्व झालें असेंहि नाहीं. ४ सप्टेंबर २०२२ रोजीं मुंबई-अहमदाबाद महामार्गावर, पालघर जिल्ह्यांतील चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या मोटार अपघातांत उद्योगपति सायरस मिस्त्री व त्यांचे एक सोबती निधन पावले. दोघेहि मागें बसले होते व त्यांनीं पट्टे बांधले नव्हते, असें पोलिसांनीं सांगितलें; पुढें बसलेलीं दोन माणसें वांचलीं. गाडी उत्तमांतली होती. पण पट्ट्यावांचून तिचा मागच्यांस उपयोग झाला नाहीं. मागच्यांनींहि पट्टा बांधला पाहिजे असा नियम असून, न बांधल्यास २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणें १,००० रुपये दंड आहे. दंडापेक्षां जीव मोठा, एवढेंच येथें म्हणतों.

गाडी घरीं असल्यास काय करावें.— नवी गाडी घेण्याचा विचार नसेल तरी कांहीं उपाय थोडक्यांत होण्यासारखे आहेत. दाराच्या खांबावर चिकटविलेल्या कागदावर चाकांतील हवेचे आंकडे दिलेले असतात. पुष्कळ गाड्यांत भरल्या व रिकाम्या गाडीचे आंकडे निराळे असतात. मालाच्या वेळची हवा तशीच ठेवून रिकामी गाडी हांकली तर धक्के वाढतात. माणसें न्यावयाचीं असतील त्या दिवशीं हवा कागदावरील रिकाम्या गाडीच्या आंकड्यावर आणावी, व माल भरण्यापूर्वीं पुन्हां वाढवावी. हौद्यांत थोडें वजन असलें तर उसळणें कमी होतें. परंतु तें केबिनच्या भिंतीस लागून व घट्ट बांधलेलें असावें, नाहींतर ब्रेक लागतांच तें पुढें येऊन आदळेल. बसणाराच्या मांडीखालीं गादी पुढच्या बाजूस दोन बोटें उंच केल्यास मांडीस आधार मिळतो. फक्त पट्टा अडकविण्याची जागा झांकूं नये. सैल उशी बसण्यास घेऊं नये. ती धक्क्यानें सरकते. लांबच्या प्रवासांत दर तासा-दीड तासानें गाडी थांबवून मागच्यांस उतरूं द्यावें. पाठीमागें डबे, पिशव्या व फवारणीचीं औषधें ठेवण्याची संवय असल्यास ती टाकावी. औषधें तर माणसांबरोबर केबिनमध्यें कदापि नेऊं नयेत.

निर्णयाची कसोटी.— ज्याचें काम मुख्यतः मालाचें व माणसें क्वचित, त्यानें एकेरी केबिन व मोठा हौदा घ्यावा आणि माणसांसाठीं एस. टी. किंवा वेगळें वाहन पाहावें. त्यांत कमीपणा कांहीं नाहीं. ज्याच्या गाडींत आठवड्यांतून तीन-चार वेळां मजूर वा घरचीं माणसें बसणार, त्यानेंच दुहेरी केबिन घ्यावी. पण मग वर सांगितलेल्या रीतीनें मागील बैठक तपासून घ्यावी, व घेतल्यावर हौद्यांत माणूस बसणार नाहीं असा नियम घरांत करून तो पाळावा. मजुरास त्या बैठकीवर बसविण्यांत संकोच मानूं नये. त्याच्या पायाचा चिखल गादीस लागतो म्हणून त्यास मागें उभा करणाराने, गादी धुण्यास एक बादली पाणी पुरतें, हें ध्यानांत ठेवावें.